सूर्य समोर घेऊन : रापणीचे फोटो आणि काळ्या आकृत्या

पुळणकर | ९ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटी मालवणच्या उत्तरेला एका लहानशा पुळणीवर सलग पाच संध्याकाळी मी रापणीचे फोटो काढले. ज्यांनी रापण पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. होडीतून जाळं समुद्रात अर्धवर्तुळात सोडत नेतात. त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात आणि दोन बाजूंना उभी राहिलेली माणसं ते ओढत ओढत जाळं काठाशी आणतात. माणसं मागे रेलतात, टाचा वाळूत रोवतात आणि अंगाचा सगळा भार दोरावर टाकतात. ते रेलणं मला फोटोत हवं होतं. रंग नको, कपडे नकोत, चेहऱ्यावरचा घामही नको. फक्त बाक आणि ताण.

घरात पहिला कॅमेरा आला तेव्हा बाबांनी शिकवलेला पहिला नियम होता, सूर्य आपल्या पाठीशी हवा. पण आपल्या किनाऱ्यावर संध्याकाळी समुद्राकडे तोंड केलं की सूर्य थेट डोळ्यांत येतो. मग रापणीचा फोटो घ्यायचा तर एकतर कमरेइतक्या पाण्यात उतरून माणसांकडे वळायचं, नाहीतर सूर्य समोर आहे हे मान्य करून कामाला लागायचं. मी दुसरं निवडलं.

प्रचि (प्रकाशचित्र) १ : पहिली संध्याकाळ. २०० मिमी लेन्स, छिद्र एफ/८, शटर १/१००० सेकंद, आयएसओ १००.

एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, बरोबर आहे. आकाशाचा केशरी जसाच्या तसा आलाय, माणसं पूर्ण काळी आलीत. आणि तरीही फोटो फसलाय. दोरावर बावीस जण होते आणि फोटोत एक लांबट काळा ढिगारा आहे, त्याखाली बरेचसे पाय. कोणाचा हात कुठला ते कळत नाही. समोरून उजेड असता तर लाल बनियन आणि निळा शर्ट यांतल्या फरकाने दोन माणसं वेगळी दिसली असती. सूर्य मागे गेला की तो फरक संपतो. दोन माणसांना वेगळं करणारी एकच गोष्ट उरते, त्यांच्यामधली उजेडाची फट.

हे मला त्या रात्री लॅपटॉपवर कळलं आणि पुढचे चार दिवस मी फक्त फटी शोधत होतो. कोपर आणि बरगड्या यांच्यामधला तिकोना. दोन गुडघ्यांमधला उजेड. दोर आणि हनुवटी यांच्यातलं बोटभर आकाश. माणसाने तोंड फिरवलं की नाक-ओठ-हनुवटीची कड दिसते. तोच माणूस सरळ माझ्याकडे पाहू लागला की डोक्याच्या जागी नुसता गोळा उरतो. दोराच्या रेषेत उभं राहिलं तर सगळे एकामागे एक झाकले जातात. दोराला काटकोनात, बाजूला जाऊन उभं राहिलं तर ओळ उलगडते. पन्नास पावलं उत्तरेला सरकलो आणि ढिगाऱ्याची माणसं झाली.

दुसऱ्या दिवशी क्षितिजाने छळलं. उभ्याने काढलेल्या प्रत्येक फोटोत समुद्राची रेघ कोणाच्या ना कोणाच्या गळ्यातून जात होती. वर डोकं आकाशावर स्पष्ट, खाली धड मात्र काळसर पाण्यात विरघळलेलं. याच्यामागे एक साधा हिशेब आहे. सपाट जमिनीवर कॅमेरा जितक्या उंचीवर असेल, क्षितिज समोरच्या प्रत्येक माणसाला बरोबर तितक्याच उंचीवर कापतं. माणूस दहा मीटरवर असो की शंभर मीटरवर, फरक पडत नाही. कॅमेरा दीड मीटरवर धरला तर रेघ गळ्यापाशी येणारच. तोच वाळूपासून फूटभर वर आणला की रेघ नडगीवर उतरते आणि माणूस सगळाच्या सगळा आकाशात उभा राहतो. पुळण पाण्याकडे उतरती असते. म्हणजे तुम्ही वर आणि माणसं खाली असतील तर रेघ आणखी वर चढते. म्हणून मी ओल्या वाळूपर्यंत उतरलो आणि पोटावर झोपलो. प्रचि २ आणि ३ तसे काढलेत.

एक्स्पोजरबद्दल. समोर काय आहे हे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला कळत नाही. जे मोजतो ते मध्यम करड्यावर आणून ठेवणं हे त्याचं काम. त्याने माणसं मोजली तर ती करडी होतात आणि आकाश पांढरं फटक पडतं. म्हणून मी स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्यापुरतं मोजणं) लावतो, सूर्याच्या शेजारचं, पण खुद्द सूर्य ज्यात नाही असं आकाश मोजतो, तिथून अर्धा-एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) खाली उतरतो आणि आकडे मॅन्युअलवर पक्के करतो. नंतर फ्रेममध्ये कोण आलं-गेलं तरी एक्स्पोजर हलत नाही. सूर्य बुडाला की मात्र दर काही मिनिटांनी पुन्हा मोजावं लागतं. प्रचि ४ सूर्य गेल्यावर लगेचचा आहे, एफ/५.६, १/१२५, म्हणजे प्रचि १ पेक्षा चार स्टॉप जास्त उजेड आत घ्यावा लागला. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची सेटिंग, 'डेलाइट'वर ठेवा. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा केशरी रंगाला चूक समजून धुऊन काढतो.

आता मला सगळ्यात आवडलेलं गणित. सूर्याचं बिंब आकाशात साधारण अर्ध्या अंशाचं असतं. सेन्सरवर त्याचा व्यास येतो फोकल लेंग्थच्या (लेन्सच्या मिमी आकड्याच्या) सुमारे एकशे दहाव्या हिश्श्याइतका. ५० मिमी लेन्सवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी, ४०० मिमीवर साडेतीन मिलिमीटरच्या पुढे. 'सूर्य एवढासाच का आला' या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. आणि माणूस सूर्याएवढा दिसायला हवा असेल तर तो तुमच्यापासून सुमारे १८० मीटर लांब हवा. बिंब आपल्या स्वतःच्या रुंदीएवढं सरकायला दोन मिनिटं घेतं. म्हणजे माणूस बिंबाच्या आत उभा असलेला फोटो हवा असेल तर हातात दोन मिनिटं आहेत. प्रचि ५ मध्ये डोक्यावर टोपली घेतलेली बाई बिंबात आलीय. त्यासाठी मी चार संध्याकाळी घालवल्या. मला तो फोटो फार प्रिय आहे.

तुमचे अनुभव लिहा. फोटो असतील तर टाका.

---

आषाढसरी | ९ फेब्रुवारी, रात्री १०:२२

फार सुंदर! क्षितिजाची गोष्ट वाचून लगेच जुने फोटो काढून बघितले. दिवेआगरच्या प्रत्येक फोटोत नवऱ्याच्या मानेतून समुद्र गेलाय. वाखु (वाचनखूण) साठवली.

एक विचारते. माझ्याकडे कॅमेरा नाही, फोन आहे. सूर्यासमोर कोणी उभं राहिलं की फोन आपोआप चेहरा उजळवतो आणि मागचं आकाश फिकं पडतं. काळी आकृती येतच नाही.

---

पुळणकर | ९ फेब्रुवारी, रात्री १०:५०

आषाढसरी ताई, फोन एकाच वेळी अनेक फोटो घेऊन जोडतो आणि अंधारातला भाग उचलून देतो. घरच्या फोटोंसाठी ते चांगलं, इथे अडचणीचं. यालाच एचडीआर म्हणतात, तुमच्या फोनमध्ये ते बंद करता येत असेल तर करा. मग स्क्रीनवर आकाशाच्या उजळ भागावर बोट दाबून ठेवा म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो, आणि बाजूला जे सूर्याचं चिन्ह दिसतं ते बोटाने खाली ओढा. चेहरा काळा होईपर्यंत ओढत राहा, घाबरू नका. प्रो मोड असेल तर आयएसओ सगळ्यात कमी ठेवून शटरचा वेग वाढवत न्या.

फोनचा एक फायदा सांगतो. तो वाळूवर अगदी टेकवून धरता येतो. उलटा धरलात, कॅमेऱ्याची बाजू खाली, तर क्षितिज घोट्याशी येतं. माझ्या कॅमेऱ्याला ते जमत नाही.

---

जुनी_निगेटिव्ह | १० फेब्रुवारी, सकाळी ७:१५

छान लिहिलंय. माझी पन्नास वर्षं फिल्मवर गेली, त्यामुळे थोडं त्या बाजूने.

ट्रान्सपरन्सी, म्हणजे ज्याला आपण स्लाइड म्हणायचो, तिची उजेड-अंधार पेलण्याची ताकद जेमतेम पाच स्टॉपची. आजचा बरा सेन्सर बारा-चौदा स्टॉप सांभाळतो. स्लाइडवर सूर्य समोर घेतला की माणूस काळा व्हायचाच, वेगळं काही करावं लागत नव्हतं. आज सेन्सरच इतका सांभाळून घेतो की काळं करायला ठरवून एक्स्पोजर उतरवावं लागतं. म्हणून नव्या मुलांना हे अवघड वाटतं.

ब्लॅक अँड व्हाइटमध्ये खरी मजा डार्करूममध्ये होती. पेपरला ग्रेड असायच्या. दोन नंबर साधारण, चार-पाच नंबर कडक. निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये (कागदावर मोठी प्रतिमा पाडणाऱ्या यंत्रात) घालायची, पाच नंबर पेपर, आणि लाल दिव्याखाली ट्रेमध्ये प्रिंट हळूहळू वर येताना बघायची. मधले सगळे करडे पळून जायचे. काळं आणि पांढरं एवढंच उरायचं. आजही सॉफ्टवेअरमध्ये कॉन्ट्रास्टची पट्टी सरकवतो तेव्हा मला तो ट्रे दिसतो.

एक दुखणं मात्र मनात राहिलंय. पुढे रंगीत निगेटिव्हचा जमाना आला आणि प्रिंट मशीनवर निघू लागले. मी चंद्रभागेच्या वाळवंटातल्या संध्याकाळचे छत्तीस फ्रेम काढले होते. वाळवंटावर उभे वारकरी, मागे मावळता सूर्य. लॅबमधून आलेल्या प्रत्येक प्रिंटमध्ये वारकरी धुरकट करडे आणि आकाश पांढरं. मशीनने प्रत्येक निगेटिव्हची सरासरी काढून 'काळोख दुरुस्त' केला होता. काउंटरवरच्या मुलाला सांगितलं, हे काळंच हवंय. त्याला पटेना. तीनदा प्रिंट करून घेतले, तिन्ही वेळा तेच. निगेटिव्ह चांगल्या होत्या, त्या मी जपून ठेवल्या आणि गेल्या वर्षी स्कॅन केल्या. इतक्या वर्षांनी ती माणसं काळी झाली. त्यातला एक फोटो खाली जोडतोय.

---

कातळवाट | १० फेब्रुवारी, दुपारी १२:०५

फोटो उत्तम आहेत, तांत्रिक माहितीही नेमकी आहे. पण मला वेगळं म्हणायचंय, आणि ते थोडं टोचेल.

रापणकर आज अडचणीत आहेत. ट्रॉलर (यांत्रिक मासेमारी बोटी) आणि पर्ससीन (अख्खा थवा वेढणाऱ्या मोठ्या) जाळ्यांनी किनाऱ्याजवळची मासळी कमी होत गेली, संघर्ष झाले, २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी प्रश्न संपलेला नाही. दोन तास ओढून कधी कधी चार टोपल्याही भरत नाहीत, आणि त्याचे वाटे वीस-पंचवीस घरांत जातात. अशा माणसांना काळ्या आकृत्या करून, मागे केशरी सूर्य लावून आपण काय दाखवतो? तो माणूस कोण, किती थकलाय, जाळ्यात काय आलं, यातलं काही दिसत नाही. दिसतं ते भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं. चेहरा पुसला की प्रश्नही पुसला जातो.

हे एकट्या तुम्हाला उद्देशून नाही. वारी, धनगर, ऊसतोड, मिठागरं, सगळीकडे हेच चाललंय. सूर्य गाठायचा, माणूस काळा करायचा.

---

सुईदोरा | १० फेब्रुवारी, दुपारी १:३०

कातळवाट, निम्मं पटलं. पण चेहरा दाखवणं म्हणजे न्याय आणि न दाखवणं म्हणजे अन्याय असं सरळ नसतं. मी एका संस्थेसाठी मुलींच्या वसतिगृहाचे फोटो काढते. तिथे ओळख दिसू द्यायची नसते. खिडकीसमोर बसून भांडणारी, वेण्या घालणारी, पुस्तकावर वाकलेली मुलगी काळ्या आकृतीत आली तर ती सुरक्षितही राहते आणि तिचं बसणं-उठणंही दिसतं. डोळ्यांवर काळी पट्टी मारलेल्या फोटोपेक्षा हे कितीतरी माणुसकीचं आहे.

आणि यातून आणखी एक मुद्दा. यासाठी सूर्यच हवा असं नाही. मागची बाजू पुढच्यापेक्षा तीन-चार स्टॉप उजळ असली की झालं. वाड्याचा दिंडी दरवाजा, जिन्याचा झरोका, स्वयंपाकघराची पूर्वेची खिडकी. आत दिवा मात्र बंद करायचा. खोलीतला एक बल्बसुद्धा काळ्यावर करडी साय आणतो.

---

पुळणकर | १० फेब्रुवारी, रात्री ८:१०

कातळवाट, टोचलं, आणि बरं झालं लिहिलंत. मी दिवसभर यावर विचार करत होतो.

रंग आणि कपडे नकोत असं मी वर लिहिलंय. ते चित्रासाठी लिहिलं होतं, पण तुमचं वाचल्यावर ते वाक्य मलाच वेगळं ऐकू आलं. जाळ्यात काय आलं याचा एकही फोटो मी काढला नाही हे खरं आहे. पाच दिवसांत दोनदा जाळं जवळजवळ रिकामं आलं होतं. तेव्हा सूर्य बुडाला होता आणि मी कॅमेरा पिशवीत टाकला होता.

तरी एक सांगतो. त्या ओढण्यातला ताण मला उजेडातल्या फोटोंत कधी सापडला नाही. चेहरा दिसला की आपण चेहराच बघतो. तो नसला की पाठ बघतो. कष्ट पाठीत असतात असं मला वाटतं. शनिवारी परत जातोय, प्रिंट घेऊन. त्यांना दाखवतो आणि ते काय म्हणतात ते इथे लिहितो.

---

माणदेशी_पाऊल | १० फेब्रुवारी, रात्री ९:३५

आमच्याकडे समुद्र नाही, धूळ आहे. म्हणून दुसरा प्रकार सांगतो. काळी आकृती नव्हे, उजेडाची कड.

संध्याकाळी मेंढरं वाड्याकडे परततात. जुनी माणसं त्या वेळेला गोरज म्हणतात, गाईंच्या पायांनी उडालेली धूळ. लग्नाचा मुहूर्त लावताना हा शब्द सगळे वापरतात, पण ती धूळ प्रत्यक्ष बघायची असेल तर माणमध्ये या. सूर्य मागे असेल तर धुळीचा प्रत्येक कण पेटतो आणि मेंढीच्या लोकरीची कड सोन्याची होते.

इथे पुळणकरांच्या उलट करायचं. मागे आकाश नको, अंधार हवा. सूर्य डोंगराच्या माथ्यावर आला की डोंगराचा अलीकडचा उतार सावलीत जातो, पण मोकळ्या माळावर अजून ऊन असतं. त्या काळ्या उताराची पार्श्वभूमी पकडायची आणि कॅमेरा थोड्या उंचीवरून, किंचित खाली झुकवून धरायचा, म्हणजे आकाश फ्रेमच्या बाहेर जातं. सूर्यसुद्धा फ्रेमबाहेर, किंचित कोपऱ्यावर. मीटर अंधार बघून फोटो उजळ करू पाहतं, म्हणून दीड-दोन स्टॉप उणे. कड टिकली पाहिजे, बाकी काळं जाऊ दे.

ही वेळ दहा-पंधरा मिनिटांची असते. मेंढपाळाला थांबवायचं नाही. कळप थांबला की धूळ बसते.

---

दिवेलागण | ११ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

माणदेशी, तुमचं वर्णन वाचून आजोळची संध्याकाळ आठवली. हीच युक्ती चुलीच्या धुरावर, चहाच्या वाफेवर आणि मिसळीच्या टपरीवर चालते. वाफ समोरच्या उजेडात दिसतच नाही, मागून उजेड आला की मगच दिसते.

प्रश्न : सूर्य फ्रेममध्ये घेतला की माझ्या फोटोंत हिरवे-जांभळे ठिपके येतात, आणि काळं काळं न राहता राखाडी होतं. लेन्स खराब आहे का?

---

पुळणकर | ११ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

लेन्स बहुधा ठीक असेल. आधी पुढे लावलेला यूव्ही फिल्टर काढून बघा. ती एक जादाची सपाट काच असते, सूर्य तिच्यावर आपटून मागे-पुढे परावर्तित होतो आणि ठिपके पडतात. मग काच पुसा. समुद्रावर अर्ध्या तासात लेन्सवर मिठाचा थर बसतो, डोळ्यांना दिसत नाही, पण सूर्य समोर आला की सगळ्या काळ्यावर धुकं पसरवतो. सूर्य फ्रेमच्या बाहेर पण जवळ असेल तर हूड (लेन्सपुढची सावलीची कड) लावा, नाहीतर हाताने सावली धरा. आत असेल तर तो एखाद्याच्या डोक्यामागे किंवा शिडाच्या काठीमागे अर्धा लपवा. ठिपके जातात आणि कडेला चांदणी फुटते.

ती चांदणी हवी असेल तर एफ/१६ लावा. लेन्सचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पाकळ्यांची संख्या सम असेल तर तितकेच किरण, विषम असेल तर दुप्पट. माझ्या लेन्सला सात पाकळ्या आहेत, चौदा किरण येतात.

---

नेत्रा_वैद्य | ११ फेब्रुवारी, दुपारी २:४०

मी डोळ्यांची डॉक्टर आहे, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. आरशाच्या कॅमेऱ्यातून, म्हणजे डीएसएलआरच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून, मोठी लेन्स लावून सूर्याकडे बघू नका. लेन्स तो उजेड गोळा करून थेट तुमच्या डोळ्यातल्या पडद्यावर आणते. पडद्याला दुखत नाही, त्यामुळे इजा होताना कळत नाही. जी दृष्टी जाते ती मधली असते, वाचायची. क्षितिजाशी टेकलेला, धुरकट लाल झालेला सूर्य मवाळ वाटतो, तरीही मागच्या स्क्रीनवरच बघा. ग्रहणाच्या वेळी तर योग्य सोलर फिल्टरशिवाय अजिबात नाही. मुलांच्या हातात कॅमेरा देताना विशेष.

---

जुनी_निगेटिव्ह | ११ फेब्रुवारी, दुपारी ३:१०

डॉक्टर ताईंना दुजोरा. जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांना कापडी शटर असायचं आणि लेन्स सूर्याकडे उघडी ठेवली की त्या कापडाला भोक पडायचं. भिंगाने कागद जाळतो तसंच. आज मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, सेन्सर सतत उघडा असतो. ट्रायपॉडवर कॅमेरा सूर्याकडे तोंड करून ठेवून चहाला जाऊ नका. झाकण लावा.

---

एडिनबराकर | ११ फेब्रुवारी, रात्री ११:५५

एडिनबराहून एक वेगळी नोंद. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून पुळणकरांना घाई. इथे तो तिरका, रेंगाळत उतरतो. डिसेंबरात तर दुपारी बारालाही क्षितिजापासून दहा-अकरा अंशांच्या वर जात नाही. दिवसभर सूर्य डोळ्यांसमोर आणि सावल्या लांबच लांब. पहिल्या हिवाळ्यात मला ते उदास वाटलं. आता भर दुपारी दगडी गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो आणि माणसं काळी होऊन येताना टिपतो. रत्नागिरीला असताना ज्या पंधरा मिनिटांसाठी धावत सुटायचो, ती इथे तीन तास चालतात. ढग नसले तर. ढग बहुतेक असतात.

---

आषाढसरी | १२ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

ढगांवरून आठवलं. वारी पावसाळ्यात असते. दिवे घाटात पालखी चढताना सूर्य दिसतच नाही. मग छायाकृती विसरायच्या का?

---

सुईदोरा | १२ फेब्रुवारी, सकाळी ११:१५

अजिबात नाही. ढगाळ आकाशसुद्धा घाटातल्या माणसापेक्षा बरंच उजळ असतं. वळणाच्या खाली थांबा आणि वरच्या कठड्यावरची ओळ आकाशावर घ्या. पताका, वीणा, तुळशीवृंदावन, डोक्यावरचं गाठोडं, छत्री, सगळ्यांना स्वतःचा आकार आहे. रंगीत सूर्यास्त मिळणार नाही, पांढऱ्यावर काळं मिळेल. मला ते जास्त आवडतं. आकाश जवळजवळ पांढरं होईपर्यंत एक्स्पोजर वाढवा, मीटरच्या वर एक स्टॉप. नाहीतर आकाश मळकट करडं येतं आणि फोटो मरतो.

---

कुडाळी | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०

धागा पहिल्यापासून वाचतोय. फटींबद्दल वाचताना मला सारखं पिंगुळी आठवत होतं. कुडाळपासून हाकेच्या अंतरावरचं गाव. तिथले ठाकर कलाकार पिढ्यान् पिढ्या चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. पांढरा पडदा, मागे दिवा, मध्ये बाहुली, आणि रामायण. परशुराम गंगावणे यांना याच कामासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली.

लहानपणी खेळ संपल्यावर मी पडद्यामागे गेलो होतो. बाहुल्या हातात घेऊन पाहिल्या. बहुतेकांचं तोंड बाजूला वळलेलं, हात अंगापासून सुटा. तेव्हा वाटलं होतं, असंच काढायची रीत असेल. पुळणकरांचा ढिगारा वाचला आणि आज कळलं. हात अंगाला चिकटलेला असेल तर पडद्यावर तो हात राहतच नाही. त्यांनी हे कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी सोडवून ठेवलंय.

---

पुळणकर | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:०५

कुडाळी, हे वाचून मी किती वेळ नुसता बसून राहिलो. माझ्या पुळणीपासून पिंगुळी तासाभरावर आहे आणि मी एकदाही गेलेलो नाही. आता जाणार.

---

पुळणकर | १६ फेब्रुवारी, रात्री १०:१५

शनिवारी जाऊन आलो. बारा प्रिंट नेले होते, आठ बाय बारा इंचाचे.

खरं सांगायचं तर कातळवाटांच्या प्रतिसादानंतर मी धाकधूक घेऊन गेलो होतो. 'आमका काळे कित्याक केलंस' असं कोणी विचारलं तर काय उत्तर द्यायचं याची तयारीही केली होती. होडीच्या सावलीत दहा-बारा जण बसले होते. प्रिंट हातोहात फिरले. आणि ते नावं घेऊ लागले.

मला जिथे नुसती काळी ओळ दिसते तिथे त्यांना एकेक माणूस दिसत होता. हा डावा खांदा खाली टाकून ओढतो, म्हणजे अमका. हा दोर कमरेला घेतो, हाताने कधीच ओढत नाही, तो तमका. एका फोटोवर दोघांचा वाद झाला आणि टाचेच्या कोनावरून मिटला. प्रचि ३ मध्ये शेवटचा जो माणूस आहे, अगदी कडेला, अर्धा कापला गेलेला, तो मी क्रॉप करून टाकायच्या बेतात होतो. पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलाने त्याच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हो अण्णा. पाय बघ कसो टाकल्यान." 'हो' म्हणजे हा, आणि अण्णा म्हणजे त्याचे आजोबा. आता दोरावर येत नाहीत. त्या संध्याकाळी माणूस कमी होता म्हणून आले होते.

तो प्रिंट मुलाने ठेवून घेतला. मी क्रॉप केलेला नाही, करणारही नाही.

त्या दिवशी जाळ्यात बांगडा आला, पाच टोपल्या. त्याचेही फोटो काढले, सूर्य पाठीशी घेऊन, चेहऱ्यांसकट. त्यांच्या परवानगीने प्रचि ६ ते ११ टाकतोय. नावं टाकू नका म्हणाले, म्हणून टाकत नाही.

---

कातळवाट | १६ फेब्रुवारी, रात्री ११:०२

वाचलं. दोनदा वाचलं. माझं म्हणणं पूर्ण मागे घेत नाही, कारण ते फोटो बाहेर कुठे लागले तर बघणाऱ्याला अण्णा दिसणार नाहीत. पण चेहरा पुसला जातो असं मी लिहिलं होतं, ते तिथल्या माणसांच्या बाबतीत चुकीचं ठरलं, हे मान्य.

प्रचि ३ आणि प्रचि ९ शेजारी-शेजारी लावाल का? ९ मध्ये टोपली उचलणारा मुलगा तोच आहे ना?

---

पुळणकर | १६ फेब्रुवारी, रात्री ११:२०

हो, तोच. लावतो.